लेखणी थांबली, तर आधी काय तपासाल?

‘मला लिहायला सुचत नाही’ अशी तक्रार घेऊन सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत कुणी येत नाही. माणूस सांगतो ते वेगळेच. झोप लागत नाही, डोके जड राहते, अंगात त्राण नाही, जेवण जात नाही. रक्तदाब मोजता मोजता घरच्या चार गोष्टी विचारल्या की मग कळते, समोर बसलेले गुरुजी वर्षानुवर्षे कविता करत आणि अलीकडे वहीला हातही लागलेला नाही. ‘संपलं डॉक्टरसाहेब आता ते,’ असे ते हसत म्हणतात. त्या हसण्यात बरेच काही असते.

आंधळगाव, मोहाडी, तुमसर या आपल्या पट्ट्यात लिहिणारी माणसे कमी नाहीत. त्यांतले पूर्णवेळ लेखक मात्र विरळा. कुणी शिक्षक, कुणी तलाठी, कुणी एसटीचा वाहक, कुणी परिचारिका, कुणी शेतीवर राबणारी बाई. कुणी गझल लिहितो, कुणी मंडईसाठी नाटक, कुणी दंडारीची गाणी. अशा माणसाचे लिहिणे बंद पडले तर त्याचा पगार थांबत नाही आणि घरात कुणाला फारसा फरकही पडत नाही. म्हणूनच ते बंद पडलेले कुणाच्या लक्षात येत नाही.

नुकसान मात्र होते. एक नुकसान त्या माणसाचे. ज्या गोष्टीने दिवसाला अर्थ येत होता तीच गेली, की दिवस लांब आणि पोकळ होतो. दुसरे नुकसान आपल्या सगळ्यांचे. बांदी, बोडी, परे, रोवणी हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतात अशी पिढी आता साठीच्या पुढे आहे. झाडीबोलीत लिहिणारा सत्तरीतला माणूस गप्प झाला, तर त्याच्याबरोबर किती शब्द गप्प होतील याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

या विषयावर माझे मत सरळ आहे. लिखाण आटले की ‘प्रतिभा रुसली’ असे म्हणून वाट पाहत बसणे हा सगळ्यांत वाईट उपाय. ताप आला म्हणून प्रत्येकाला एकच गोळी देत नाहीत. मलेरिया आहे, टायफॉइड आहे की साधी सर्दी, हे आधी बघतात. लिखाण थांबण्यामागेही साधारण तीन कारणे असतात: आजार, गरजेची विश्रांती, किंवा मोडलेली सवय. तिघांचा उपचार निराळा. त्यामुळे आधी निदान हवे.

गप्प दिसणे आणि आटणे

निदान करताना पहिला प्रश्न हा, की लिखाण खरोखर थांबले आहे का? पुष्कळदा थांबलेले असते ते प्रकाशन. अरुण कोलटकरांचे उदाहरण बघा. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये आला आणि ‘भिजकी वही’ २००३ मध्ये. मध्ये २६ वर्षे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, हा कवी संपला. प्रत्यक्षात त्यांचे लिहिणे चालू होते, पुस्तके तेवढी येत नव्हती. २००४ मध्ये ते गेले आणि ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ २०१० ची. मधली ३१ वर्षे कादंबरी नाही. पण त्याच काळात ‘टीकास्वयंवर’ आले, ‘देखणी’ हा कवितासंग्रह आला. एक वाट अडली तरी चालणे थांबले नव्हते. इंदिरा संतांच्या ‘बाहुल्या’ (१९७२) आणि ‘गर्भरेशीम’ (१९८२) या संग्रहांत दहा वर्षांचे अंतर आहे. ‘गर्भरेशीम’ आले तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या, आणि त्याच संग्रहाला अकादमी पुरस्कार मिळाला.

दुर्गाबाई भागवतांची गोष्ट तर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही सांगावी अशी आहे. तरुणपणी मध्य प्रांतातील आदिवासी भागात संशोधन करत असताना त्यांना विषबाधा झाली आणि सुमारे सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. हाती घेतलेला पीएच.डी.चा प्रबंध मागे पडला. पुढे १९५६ मध्ये ‘ऋतुचक्र’ आले. आजारपणानेच ते पुस्तक दिले, असे म्हणणे धाडसाचे होईल आणि मी ते म्हणणार नाही. पण सहा वर्षांचे आजारपण हा लेखिकेचा शेवट नसतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

आधी शरीर

लिहिणे हे मेंदूचे काम आहे आणि मेंदू शरीरातच राहतो, ही साधी गोष्ट लेखक आणि त्यांचे चाहते दोघेही विसरतात. चाळिशी-पन्नाशीत लिखाण मंदावले, तर प्रतिभेकडे बोट दाखवण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे डोळे. ऐकायला किरकोळ वाटते, पण चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतो आणि तो अनेक जण वर्षानुवर्षे टाळतात. वही लांब धरावी लागते, अर्ध्या तासात डोके दुखते आणि माणूस म्हणतो, ‘आता मन लागत नाही.’ मन लागायला आधी अक्षर दिसायला हवे. दुसरे, रक्त. आपल्याकडे रक्तक्षय भरपूर, विशेषतः बायकांमध्ये, आणि विदर्भात सिकलसेलही आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने घर, शेत, नोकरी उरकून रात्री दहाला कविता लिहावी ही अपेक्षाच चूक. तिसरे, थायरॉइड. ते मंदावले की माणूस सुस्तावतो, विसरभोळा होतो, विचार चिखलातून चालल्यासारखे चालतात. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही असेच होते. शाकाहारी माणसात आणि बरीच वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यात ती अधिक आढळते. या सगळ्याचे निदान साध्या रक्ततपासणीत होते.

चौथे, झोप. रात्री जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडखळणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस आठ तास अंथरुणात असला तरी त्याच्या मेंदूला विश्रांती मिळालेली नसते. पाचवे, औषधे आणि दारू. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनी दुसऱ्या दिवशीही डोके जड राहू शकते. आणि दारूने सुचते ही समजूत तर पार टाकून द्यावी. दारूने झोप लवकर लागते, पण ती तुटक असते. जे रात्री सुचल्यासारखे वाटते ते सकाळी वाचून बघावे, म्हणजे खात्री पटेल.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत लिहायला हवा. लिहिता लिहिता अचानक शब्दच सापडेनासे झाले, बोलणे अडखळले, पेन हातातून गळाले, तोंड एका बाजूला गेले, तर ते ‘न सुचणे’ नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

दुःखातून कला येते?

शरीराच्या तपासण्या ठीक आल्या, तर पुढचा प्रश्न मनाचा. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. पण दोन प्रश्न कुठल्याही डॉक्टरने विचारावेत आणि कुणीही स्वतःला विचारावेत असे आहेत. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, निराश राहते का? आणि ज्या गोष्टींत आनंद वाटायचा त्यांतला रस गेला आहे का? लिहिण्यातला रस गेला, पण नातवंडांशी खेळण्यात, भजनात, शेतावर फेरी मारण्यात मजा वाटते, तर प्रश्न बहुधा लिखाणापुरता आहे. सगळ्यातलाच रस गेला असेल, पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडत असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

इथे एक जुनी अडचण आडवी येते. लेखकाने दुःखी असावे, वेडापिसा असावा, त्यातूनच मोठी कला जन्मते, असे आपल्याला मनापासून वाटते. मग लिहिणाऱ्याला भीती वाटते, की औषध घेतले तर दुःखाबरोबर कविताही जाईल. या भीतीपायी उपचार टाळणारी माणसे असतात, म्हणून याबद्दल काय माहीत आहे ते बघू.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रिआसन यांनी तिथल्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेतील ३० लेखकांचा अभ्यास करून तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८० टक्के लेखकांना आयुष्यात कधी ना कधी मनःस्थितीचा आजार होऊन गेला होता. तुलनेसाठी घेतलेल्या इतर ३० जणांत हे प्रमाण ३० टक्के होते. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मागे राहते. हे लेखक लिहीत ते आजार नसताना. नैराश्याच्या भरात किंवा उन्मादाच्या भरात त्यांच्या हातून काम होत नसे. दुःख हे लेखकाचे सामान असू शकते, पण ते वापरायला हात बरे लागतात.

औषधाच्या भीतीबद्दलही एक जुना अभ्यास आहे. डेन्मार्कचे डॉक्टर मोगेन्स शू यांनी १९७९ मध्ये लिथियम हे औषध घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या कामाबद्दल विचारले. १२ जणांनी सांगितले, काम वाढले. ६ जणांना फरक जाणवला नाही. ६ जणांचे काम कमी झाले. संख्या लहान आहे आणि त्या शेवटच्या सहा जणांकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी औषध आणि मात्रा याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, गोळ्या स्वतःच बंद करू नयेत. पण ‘औषधाने कला मरते’ हे सरसकट विधान या आकड्यांत बसत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर हा फोन आजच करावा, आणि घरच्या एका माणसाला सांगावे. कविता थांबल्या तर थांबू द्या, माणूस राहिला पाहिजे.

कोशातली झोप

आजार नाही, असे ठरल्यावर दुसरी शक्यता उरते ती विश्रांतीची. हे समजावून सांगायला आंधळगावच्या माणसाला दूरचे उदाहरण नको. इथल्या हातमागांवर विणला जाणारा कोसा ज्या किड्यापासून मिळतो तो ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढतो. वर्षाच्या शेवटच्या पिकातला किडा हिवाळ्याच्या तोंडाशी कोश विणतो आणि आत झोपी जातो. शास्त्रात या सुप्तावस्थेला डायापॉज म्हणतात. त्याची वाढ थांबते, श्वसन मंदावते, साठवलेल्या चरबीवर तो काही महिने काढतो. जूनच्या आसपास पाऊस जवळ आला, हवेत ओल आली, की पतंग कोश फोडून बाहेर येतो. बियाण्यासाठी राखलेले हे कोश माळा करून टांगतात आणि उन्हाळ्यात त्यांची खोली थंड ठेवायला धडपडतात, कारण उष्णतेने आतला जीव मरू शकतो. झोपलेल्या कोशालाही राखण लागते.

माणसाच्या मेंदूतही अशी आतली मुरवण चालते, असे मानायला आधार आहे. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्येच नवनिर्मितीचे चार टप्पे मांडले होते: तयारी, मुरणे, उजळणे आणि पडताळणी. २००९ मध्ये सिओ आणि ऑर्मेरॉड या संशोधकांनी ‘मुरण्या’वरचे ११७ अभ्यास एकत्र तपासले. प्रश्न बाजूला ठेवल्याने तो सुटायला मदत होते, असे एकूण दिसले. त्यात दोन बारकावे आहेत. आधी जितका वेळ प्रश्नाशी झटापट केली, तितका बाजूला ठेवण्याचा फायदा अधिक. आणि भाषेशी संबंधित कोड्यांत नुसते बसून राहण्यापेक्षा हलके काम करत राहणे अधिक उपयोगी ठरले. म्हणजे मोठी कादंबरी हातावेगळी केल्यावर, घरात मृत्यू झाल्यावर किंवा नोकरीतल्या दगदगीनंतर काही महिने लिखाण थांबले, तर त्याला अपयश म्हणू नये. त्या काळात वाचावे, बागेत खुरपावे, बाजारात हिंडावे, जुन्या माणसांशी बोलावे.

पण कोशाचे हे उदाहरण इथपर्यंतच चालते. कोशातला पतंग पाऊस आला की आपोआप बाहेर पडतो. माणूस आपोआप बाहेर पडत नाही. विश्रांती संपून गेली, तब्येत बरी आहे, मनात विषय घोळतो आहे आणि तरीही वही उघडत नाही, असे महिनेच्या महिने जातात. तेव्हा तिसरे कारण असते: मोडलेली सवय आणि तिच्यामागे लपलेली भीती. मधल्या काळात आपली वाचनाची जाण वाढलेली असते, हात मात्र जड झालेला असतो. पहिले वाक्य लिहिले की ते आपल्यालाच आवडत नाही. मग आपण ‘मूड’ची वाट पाहतो.

आधी इच्छा की आधी कृती?

या वाट पाहण्याला मला डॉक्टर म्हणून ठाम विरोध करायचा आहे. नैराश्याच्या उपचारात एक सोपी पद्धत आहे. रुग्णाला सांगतात, बरे वाटण्याची वाट पाहू नका. ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम करा, बरे वाटणे मागून येईल. अंगणापर्यंत चला, एका माणसाशी बोला, एक भांडे घासा. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हा कृतीचा भाग एकटा वापरला तरी विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराइतकाच परिणाम देतो. आपण समजतो, आधी इच्छा मग कृती. पुष्कळदा क्रम उलटा असतो.

लिहिण्याबाबतही हे तपासून झाले आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी लिखाण अडलेल्या २७ प्राध्यापकांचे तीन गट केले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. एका गटाला तातडीचे सोडून काही लिहू नका असे सांगितले. दुसऱ्याला वाटेल तेव्हाच लिहा असे सांगितले. तिसऱ्याला रोज ठरलेल्या वेळी लिहिणे सक्तीचे केले. चुकवले तर त्यांच्याच पैशाची देणगी त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला जाणार होती. पहिल्या गटाची सरासरी दिवसाला ०.२ पान, दुसऱ्याची ०.९ पान, तिसऱ्याची ३.२ पाने. पाने वाढली यात नवल नाही. नवल पुढे आहे. नव्या कल्पना सुचण्याची नोंदही सगळ्यांकडून घेतली होती. सक्तीच्या गटाला साधारण रोज एक नवी कल्पना सुचली, मर्जीवर लिहिणाऱ्यांना दोन दिवसांनी एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांनी एक. अभ्यास लहान आहे, प्राध्यापकांवरचा आहे, कवींवरचा नाही. तरीही ‘सुचले की लिहीन’ म्हणणाऱ्याने तो एकदा ध्यानात घ्यावा. रोज बसणाऱ्यालाच जास्त सुचले.

आपल्या झाडीपट्टीला हे अनुभवाने ठाऊक आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि वडशाच्या नाट्यमंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. हंगामाला नवे नाटक लागते. तालमीची तारीख ठरलेली असते, नट ठरलेले असतात, गावाने प्रयोग बोलावलेला असतो. अशा वेळी नाटककाराला ‘सुचत नाही’ म्हणण्याची सवलत नसते. ती सवलत नसणे हेच त्याचे औषध. मागावर बसणारा विणकरही मन प्रसन्न होण्याची वाट पाहत नाही. धागा तुटला तर गाठ मारतो आणि पुढे विणतो. कवितेला आपण यापेक्षा वरचे आसन दिले आणि त्यात कवितेचेच नुकसान केले.

मात्रा किती घ्यावी?

औषधाचे नाव सांगून मात्रा सांगितली नाही, तर चिठ्ठी अपुरी राहते. म्हणून ती इथे देतो. रोज १५ ते २० मिनिटे, एकाच वेळी, एकाच जागी. पहाटेचा चहा झाल्यावर किंवा रात्रीचे जेवण झाल्यावर, जसे जमेल तसे. पण एखाद्या पक्क्या सवयीला बांधून. बराच काळ न चालणाऱ्या गुडघ्याला पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालवत नाहीत, तसे पहिल्या आठवड्यात कादंबरीला हात घालू नये. आज दिसलेले एक माणूस, ऐकलेला एक शब्द, आईच्या हातच्या एखाद्या पदार्थाची कृती, एवढे पुरे. पहिले पंधरा दिवस लिहिलेले परत वाचू नये, खोडू नये, कुणाला दाखवू नये. टाके घातलेली जखम रोज उघडून बघितली तर भरत नाही.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रात्री डोळे थकत असतील तर बोलून ध्वनिमुद्रण करावे आणि सकाळी उतरवावे. झाडीबोलीत लिहिणाऱ्यांना तर याचा दुहेरी उपयोग, कारण बोलीचा ठसका बोलण्यात अधिक टिकतो. अर्नेस्ट हेमिंग्वे पुढे काय येणार हे माहीत असतानाच दिवसाचे लिहिणे थांबवत असे. म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात होत नाही. हा उपाय फुकटचा आहे.

आणि चालावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये १७६ जणांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के अधिक सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालले तरी फायदा झाला. मग आपल्याला तर धानाच्या बांध्यांमधून जाणारी वाट आहे. मधुमेह आणि रक्तदाबासाठी मी रोज सांगतो तेच चालणे इथेही कामी येते, ही डॉक्टरची सोय.

ही मात्रा सहा आठवडे घ्यावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नये, नेहमीएवढेच लिहावे. सहा आठवड्यांनी चांगली कविता हाती येईल अशी हमी मी देत नाही, तशी हमी कुणीच देऊ नये. बसण्याची भीती मात्र बहुधा कमी झालेली असेल. ती कमी झाली नाही, उलट उदासी वाढली, तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे आणि डॉक्टरला भेटावे.

थोडे काम भोवतालच्या लोकांचेही आहे. घरच्यांनी त्या वीस मिनिटांत हाक मारू नये. विशेषतः लिहिणारी बाई असेल तर, कारण तिच्या वेळेवर सगळ्यांचाच हक्क असतो. गावातल्या वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. भाषण नको, हारतुरे नकोत, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने अर्धा तास लिहावे आणि उठावे. खर्च शून्य. आणि लिहिणारा मित्र रस्त्यात भेटला तर ‘नवीन काय लिहिलं?’ असे विचारून त्याला कोंडीत पकडू नये. ‘आज बसला होतास का?’ एवढेच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातात असते.